फक्त निळ्याचं वजन

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर पत्नीने बजी जातीचे दोन छोटे पोपट आणले, निळा नर आणि पिवळी मादी. शेजारी त्यांना लव्हबर्ड म्हणायचे. मी दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग नाद सोडला. पक्षी पत्नीचे होते, माझं लक्ष बेताचंच असे.

गेल्या हिवाळ्यात निळ्याच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरट थर दिसला. चोच घासायला पिंजऱ्यात टांगलेल्या समुद्रफेसाची पूड असेल म्हणून नखाने काढायला गेलो, निघेना. अंबडच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तिथे वापरतो तसलं भिंग घरीही आहे, ते लावलं. थराला मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं होती. चोच नीट मिटत नव्हती, राळ्याचे दाणे तोंडातून खाली सांडत होते.

चपलांच्या खोक्याला भोकं पाडून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढे दोन शेळ्या आणि एक लॅब्रेडॉर. डॉक्टर तरुण होते.

“काका, हे माइट्स, बारीक किडे. कातडीत बोगदे करतात. पण पक्ष्यांचं काम माझं नाही, आणि इथे करणारं कोणी मला माहीत नाही. मुंबईला न्याल?”

“चार तास लागतात. हा तेवढं सोसेल?”

त्यांनी खोक्यात पुन्हा डोकावून पाहिलं. “खात्री नाही. गुरांच्या गोचिडांवरचं औषध याला चालतं, पण खूप पातळ करून, वजनाच्या हिशोबाने. मी मुंबईच्या एका डॉक्टरांना फोनवर विचारून ठेवतो. तुम्ही नेमकं वजन आणा. किती पक्षी?”

“आजारी एक,” मी म्हणालो.

घरचा काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा. म्हणून ओळखीच्या सराफाकडे गेलो. आधी रिकामी कापडी पिशवी तोलली, मग पक्ष्यासकट.

“पावणेतीन तोळे, साहेब,” सराफ म्हणाला. “हॉलमार्क आहे का?”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी चिठ्ठीवर २७.४ ग्रॅम लिहून घेतलं. धडधाकट बजी पस्तीसच्या आसपास भरतो असं वाचलं होतं, त्यामुळे मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी मानेमागची पिसं बाजूला करून कातडीवर एक थेंब सोडला. दुसरा दोन आठवड्यांनी. घरी येऊन मी निळ्याला वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत ठेवलं. नापास नग चांगल्यात मिसळायचा नाही, ही इतक्या वर्षांची सवय. छोटा काटा मागवला आणि रोज सकाळी दाणे घालण्याआधी त्याला तोलू लागलो. २७.६, २८.१, २९. आकडा चढत होता आणि मी खूश होतो.

“अहो, हिचंही बघा ना एकदा,” पत्नी पिवळीकडे बघत म्हणाली. “बसूनच असते.”

“हिला काय झालंय? कशी गुबगुबीत दिसतेय.”

“गुबगुबीत कसली, गप्प झालीये.”

“थर आहे का कुठे? नाही ना? मग?”

चोचीवर थर नव्हता, हे खरं. पायांकडे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या थेंबाच्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली होती. उचलली तर हातात पिसंच पिसं, आत काही नाही. काट्यावर २२.८. दोन्ही पायांवर तोच छिद्रांचा थर.

दोघांनाही दवाखान्यात नेलं.

“दोघं एकाच पिंजऱ्यात होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो.”

“मग सांगायचं ना, काका. औषध दोघांना एकदमच द्यायचं असतं. आणि पक्षी आजारी पडला की ऊब धरायला पिसं फुगवतो, म्हणून भरल्यासारखा दिसतो.” ते रागावले नाहीत. तिलाही थेंब दिला. “एवढ्या थराने खाणं सुटू नये खरं तर. जोडीदार दिसेनासा झाला म्हणून असेल, किंवा आणखी काही. मला सांगता नाही येणार.”

दोन्ही पिंजरे शेजारी ठेवले, तिच्याजवळ बल्ब लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी कारखान्यात होतो. पत्नीने फोनवर एवढंच सांगितलं, “घरी आल्यावर बोलू.” घरी आल्यावर मी पिवळीच्या पिंजऱ्याजवळचा बल्ब काढून ठेवला.

निळ्याची चोच आता स्वच्छ आहे, वजन ३४.२. पिंजरे उकळत्या पाण्याने धुतले, लाकडी दांड्या जाळून नव्या घातल्या. तो दिवसभर हाका मारतो, मध्येच थांबतो, पुन्हा मारतो.

“त्याला सोबत आणू या,” पत्नी म्हणते.

“अजून थोडं थांबू.”

“किती दिवस?”

नवा पक्षी आणण्याआधी थांबायची डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपून गेली आहे. मी भिंगाने त्याच्या पायांचं एकेक पेर तपासतो, काही दिसत नाही. तरी तिला सांगता येईल असा आकडा माझ्याकडे नाही.

परवा तिने पिंजरा उचलून स्वयंपाकघरात ओट्याजवळ नेला. भाजी चिरता चिरता ती त्याच्याशी बोलत असते. सकाळी मी काटा घेऊन गेलो, तर मान वर न करता म्हणाली, “आज राहू द्या.”