बांधाकडचं तास

आमच्या गावात औषध दोन प्रकारचं. एक माणसाचं, त्याला आम्ही गोळी, सुई, पुडी असं काहीही म्हणायचो, औषध मात्र क्वचितच. दुसरं कपाशीचं. नुसतं 'औषध' म्हटलं की हे दुसरं. 'औषध मारायला गेलेत' म्हणजे पाठीवर पंप अडकवून शेतात गेलेत. आणि अमक्यानं औषध घेतलं, असं कोणी म्हणालं तर पुढचं वाक्य लागत नसे. ऐकणारा चपला सरकवून निघालेला असायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, औषधाच्या बाबतीत फार संशयी. दुकानदारानं नव्या बाटलीची कितीही शपथ घेतली तरी ते पहिला फवारा बांधाकडच्या तासावर मारत. तास म्हणजे कपाशीची एक ओळ. बांधाकडच्या ओळीला येणाऱ्याजाणाऱ्यांची गुरं तोंड लावतातच, ती जळाली तरी हळहळ नाही. दोन दिवस तिची पानं बघायची आणि मग सगळ्या वावरात पंप फिरवायचा. शेजारी त्यांना चेंगट म्हणत. मीही म्हणायचो, मनातल्या मनात.

नव्वदीच्या अखेरीला मी धुळ्यातून पदवी घेऊन घरी बसलो होतो. नोकरी मिळत नव्हती आणि धुळ्याला जायच्या एस.टी.च्या भाड्यासाठीसुद्धा आबांपुढे हात पसरावा लागे, त्याची मला भयंकर चीड यायची. चीड कोणाची, हे विचारू नका. ती आबांवरच निघायची. अशात कॉलेजातला एक मित्र भेटला. तो वरणगावचा, वडील तिथल्या फॅक्टरीत कामाला. त्यानं सांगितलं, अहमदाबादला नव्या गोळ्या आधी धडधाकट माणसांना देऊन बघतात, तीन-चार दिवस ठेवून घेतात, रक्त तपासतात आणि वर पैसे देतात. खाणं, झोपणं, टीव्ही फुकट. मी घरी सांगितलं, सुरतेला इंटरव्ह्यू आहे.

त्यानंतर मी असे बरेच इंटरव्ह्यू दिले. धुळ्याहून सुरतेची एस.टी. साक्री, नवापूर करत जायची, घाटात हाडं खिळखिळी व्हायची. सुरतेहून पुढे रेल्वे. पोचलं की वजन, छाती, रक्त, लघवी. मग इंग्रजीत आणि गुजरातीत छापलेल्या कागदांवर सह्या. एक बाई ते हिंदीतून समजावून सांगत, आम्ही माना डोलवायचो. मी पदवीधर, पण त्यातलं एक पानही नीट वाचलेलं आठवत नाही. मग छातीवर नंबर. मी बहुतेक वेळा अठरा असायचो.

सकाळी उपाशीपोटी मोजून पाणी आणि गोळी. गिळली की तोंड उघडायचं. बॅटरी मारून जिभेखाली, गालात बघत, कारण काही बिलंदर गोळी दाढेमागे लपवत. हाताला सुई लावूनच ठेवलेली, तिच्यातून तासातासाला रक्त. मधल्या वेळात कॅरम. दोन वर्षांत मी आणि तो वरणगावचा मित्र इतके सरावलो की 'औषध घेतलं का?' हे आम्ही 'चहा घेतला का?' या सुरात विचारायचो. शब्द धुऊन धुऊन पार पांढरा झाला होता.

एका खेपेला माझ्या अंगावर थोडं पुरळ उठलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण डॉक्टरांनी आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. मित्राची सुटी झाली. मी त्याला म्हणालो, बाहेरून आमच्या गावी फोन लाव आणि मुक्काम वाढलाय एवढंच सांग. गावात फोन एकच, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. मित्र एसटीडी बूथमध्ये उभा, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, लाइनीत खरखर, पलीकडून सेक्रेटरी खोदखोदून विचारतायत. गडबडला आणि खरं बोलून गेला. 'त्यानं औषध घेतलंय, दवाखान्यात ठेवलंय, काळजी करू नका.' दवाखान्याचा पत्ताही दिला. नोकरदाराचा मुलगा, त्याच्या घरी पंप नव्हता. इथे 'ध'चा 'मा' करायचीही गरज पडली नाही. शब्द जसाच्या तसा पोचला आणि तरी आमच्या घरी आकांत झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खाली बोलावलं. आबा बाकावर टेकले होते. धोतर धुळीनं मळलेलं, टोपी हातात. मला चालत येताना बघून ते उठले नाहीत. आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"औषध लिधं का तू?" त्यांनी विचारलं.

"लिधं. पन ते नही, आबा. गोयी शे. डोकं दुखस ना, तेनी."

"तुनं डोकं दुखत व्हतं का?"

"नही."

"मंग काब्र लिधी?"

या 'का'ला माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं तयार उत्तर होतं, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं वगैरे. पण समोर त्यांचे भेगाळलेले पाय दिसत होते आणि मला ते उच्चारायची लाज वाटली. मी हळूहळू सगळं सांगितलं. इंटरव्ह्यूंचंही. मग त्यांनी पिशवीतून फडकं काढून पुढे केलं. आत भाकरी आणि ठेचा. घरात सगळे रडत असताना आई चुलीपुढे बसली आणि भाकरी थापून दिल्या. मेलेल्यासाठी कोणी शिदोरी बांधत नाही, एवढाच तिचा हट्ट.

"खाय."

"सकायलोंग बाहेरनं खावाले मनाई शे, आबा."

हे मी बोललो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आबांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली आणि फाटकाबाहेर जाऊन बसले. सकाळी शेवटचं रक्त दिलं, पाकीट घेतलं आणि बाहेर आलो, तेव्हा ते तिथेच होते.

गाडीत त्यांनी फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. भाकरी वातड झाल्या होत्या. मी चावत राहिलो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत. बॅटरी तेवढी नव्हती.

बाहेर कुणाचीतरी कपाशी मागे पळत होती. ती बघता बघता ते म्हणाले, "नवं औषध आपन पयले कोठे मारतस?"

"बांधाकडला तासवर."

"काब्र?"

"ते गयं तरी चालस."

त्यांनी रिकामं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना घरमा तसं तास नही शे."