देवळीची घोरपड आणि तिळाएवढा भुंगा

सुमनताईचा फोन आला. "घोरपड पाहाची असन तं उद्याच येजो. वनखात्याचा मानूस धराले येऊन राह्यला." ताई माझी मामेबहीण, देवळीजवळच्या गावात शेती करते. नागपुरात राहून मी घोरपड कधी जवळून पाहिली नव्हती. निघालो.

सकाळची एसटी सोयीची. केळझरच्या गणपतीला उतरणार असाल तर अर्धा दिवस धरा. मी थेट वर्ध्याला उतरून स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तीस रुपये, तर्री मागाल तितकी. तिथून देवळीच्या गाड्या मिळतात. दोन्ही बाजूंना कापूस आणि कापणीला आलेलं सोयाबीन.

पोळ्याच्या दिवशी घोरपड घरामागच्या खोलीत शिरली, तेव्हापासून खोलीला कुलूप. आत हरभऱ्याच्या बियाण्याची चार पोती होती. दिवाळीच्या सुमारास तेच पेरायचं होतं.

"मारली काऊन नाई?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"गुन्हा हाय," भाऊजी म्हणाले.

"नसता तं मारली असती का?" ताई म्हणाली. भाऊजी पाणी आणायला गेले.

किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली, घोरपड धरायला दोन. तीन हात लांब. अंगणात जमलेल्या गावाकडे तिने जीभ काढून पाहिलं आणि ती वनरक्षकाच्या पोत्यात गेली.

"थे तुमालेच भेली हाय," वनरक्षक म्हणाला. "उंदरं खायाले आली असन."

मग ताईने बियाण्याच्या पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत पीठ लागलं. दाण्यादाण्याला गोल भोक, आणि त्यातून तिळाएवढे तपकिरी भुंगे सावकाश बाहेर येत होते. एरवी उघडीप मिळाली की ताई बियाणं उन्हात घालते. यंदा आत कोणी गेलंच नाही. घोरपडीने दीड महिन्यात एकही दाणा खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईने धड दिसणारे शंभर दाणे निवडून ओल्या गोणपाटात गुंडाळले. "सत्तर उगवले तं पेरतो," म्हणाली. मी दुपारच्या गाडीने परतलो.

नागपुरात सगळे एकच विचारतात, केवढी होती? मी दोन्ही हात पसरून दाखवतो.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला.

"एकतीस."

"शंभरातले?" मी विचारलं.

"आता दुकानातून आनाचं बियानं," ती म्हणाली. "तू फोटो धाड. लोक मांगून राह्यले."

मी बेचाळीस फोटो पाठवले. भुंग्याचा एकही निघाला नाही.