देवाचा शब्द आणि सुमनआत्या

आर्णीहून भावाचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याला कंपनीच्या गेटवर हजेरीच्या रांगेत उभा होतो. "आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. मी रांग सोडली नाही. हजेरी लावली आणि मगच निघालो. आज महिना होऊन गेला, हे कुणाला सांगायची हिंमत झाली नव्हती... मी तिच्यावर रागावलो होतो, आणि अजूनही रागावलेलाच आहे.

लग्नानंतर दोन वर्षांतच सुमनआत्या विधवा होऊन माहेरी परत आली. पुढे आमचं शेत, आम्ही पोरं आणि गावाबाहेरचा मारुती, सगळं तिनंच सांभाळलं. आमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. पणजोबांना म्हणे मारुतीनं स्वप्नात शब्द दिला होता, की पहिल्या वेचणीच्या कापसाची वात माझ्यापुढे लागत राहील, तोवर तुझ्या वंशातल्या कुणाला पोटासाठी गाव सोडावं लागणार नाही. म्हणून दरवर्षी सीतादहीच्या दिवशी, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या मुहूर्ताला, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवला की पहिल्या फुटलेल्या बोंडाचा कापूस आत्या पदरात घ्यायची, तिथेच धुऱ्यावर बसून सरकी काढायची आणि वात वळायची. आम्ही चिडवायचो, "आत्या, मारुतीनं कागदावर लिहून देल्लं काय?" ती म्हणायची, "माणसाले कागद लागते रे. देवाले कायले पाह्यजे?"

बोंडअळीच्या त्या वर्षी मला लोहाऱ्याच्या कंपनीतून कायम नोकरीचं पत्र आलं. इकडे शेतात हिरवं बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि सडका, पिवळा कापूस. सीतादहीला सगळं शेत पालथं घातलं, वातीपुरतंही पांढरं मिळालं नाही. मी घरी येऊन पिशवी भरायला घेतली. दिवेलागणीला आत्यानं हात धरून मला देवळात नेलं. मारुतीपुढे वात लागलेली होती, लख्ख पांढरी.

"नाल्याकडच्या ओळीत एक बोंड भेटलं," ती म्हणाली. "देव शब्द पाळते, गजू. तू कायले जातं?"

त्या वातीकडे पाहून मी रडलो. पत्राला उत्तरच पाठवलं नाही. पुढची दोन वर्षंही तशीच गेली, आणि तिसऱ्या वर्षी गाव सोडून त्याच कंपनीत रोजंदारीवर लागलो. माझ्या जागेवर जो कायम झाला, तोच आता माझी हजेरी घेतो.

जायच्या आठ दिवस आधी आत्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. खाटेवर उठून बसली, भावाच्या बायकोला चहा टाकायला लावला आणि एकदम म्हणाली, "ते बोंड नव्हतं रे. माह्या उशीतला कापूस होता."

"मंग खोटं काहून सांगतलं?"

"तू गेला असता त देव खोटा पडला असता ना, बाप्पा..."

देवाची अब्रू राखायला तिनं माझं आयुष्य खर्ची घातलं होतं! आणि देव? तो तर मजेत दगड होऊन बसलेला. समोर आलेला चहा तसाच ठेवून मी गाडीला किक मारली. तीच आमची शेवटची भेट.

तेरवीनंतर चार दिवसांची गोष्ट. चौथीतली माझी पोरगी दप्तर भरता भरता म्हणाली, "बाबा, आत्याआजी म्हणे का देव आपल्या घराले देल्लेला शब्द पाळते. खरं हाय काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. उशीतल्या कापसासकट एकेक शब्द ठरलेला होता. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलून गेलो, "हो बेटा, पाळते."

ती निवांत शाळेत निघून गेली. मी दारातच उभा राहिलो. आत्याही कधीतरी एवढीशी असेल, तिनंही तिच्या वडिलांना, माझ्या आजोबांना, हेच विचारलं असेल... त्यांनी तिला जे सांगितलं ते तरी खरं होतं का, हे आता मी कुणाला विचारू?