हरलेला टॉस

ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला 'कप्तान' म्हणायचे. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाची ती कप्तान होती, खेळाडूंसाठी राखीव जागेवर नोकरी लागली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हाक आली की ती हसून मान वर करायची, पण आत कुठेतरी टोचायचं. बावीस वर्षं टोचत होतं. एक मैत्रीण तेवढी अजूनही तिला 'ढमे' म्हणायची.

ही मैत्रीण त्या संघाची पिचर. चेंडू हातातून कधी सुटला ते समोरच्या पोरीला कळायचंच नाही. आता तोच हात शिलाई मशीनचं चाक फिरवायचा. त्या दिवशी कप्तान पडद्यांना अस्तर लावून घ्यायला तिच्या दुकानात बसली होती, तेवढ्यात मैत्रिणीची लेक तोंड पाडून आली. तीही कॉलेजच्या संघाची कप्तान. टॉस हरली, सामना गेला, आणि पोरींनी सगळं खापर हिच्या डोक्यावर फोडलं.

"टॉस काय कुणाच्या हातात असतो?" मैत्रीण म्हणाली. "या मावशीला विचार. फायनलला ही टॉस हरली, त्यांनी आम्हाला आधी बॅटिंग दिली. शेवटी किती रन हवेत ते त्यांना बरोब्बर ठाऊक. एका रननं गेलो. पण आम्ही हिला कधी चकार शब्दानं बोललो का? काय गं ढमे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कप्तानला झालं.

"टॉस मी जिंकले होते," ती म्हणाली.

मशीन थांबलं.

एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगणं भागच होतं. पंचांजवळ दोन्ही कप्तान तेवढ्या उभ्या होत्या. टॉस जिंकला की फील्डिंग घ्यायची, हा संघाचा शिरस्ता. पण नोकरीसाठी एकच मुलगी निवडायला आलेल्या साहेबांना गाडी गाठायची होती. पहिली अर्धी इनिंग, म्हणजे एका संघाची बॅटिंग, बघून ते उठणार, हे खेळाच्या सरांनी फक्त तिच्या कानावर घातलं होतं. पहिली बॅट तिची. तिनं बॅटिंग मागितली आणि परत येऊन 'हरले गं' म्हणाली. पोरींनी उलट तिचीच पाठ थोपटली. ती थाप आठवली की अजूनही तिला स्वतःची किळस यायची. साहेबांनी तिचा फटका पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

मैत्रिणीनं चष्मा काढून बाजूला ठेवला.

"फील्डिंग घेतली असतीस, तर त्या अर्ध्या इनिंगला चेंडू माझ्या हातात असता."

"माहीत होतं," कप्तान खाली बघत म्हणाली. "म्हणूनच."

लेक दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मैत्रिणीनं मशीनखालचा पडदा सोडवला, लोंबणारा दोरा कापला, नीट चौकोनी घडी घातली आणि ती टेबलावरून पुढे सरकवली.

"अस्तर दुसरीकडे लावून घ्या, कप्तान."