फीत कापलेलं वसतिगृह

तुमच्या कॉलेजचं संकेतस्थळ नेमकं कोणासाठी आहे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

परवा एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बारावी झालेली एक मुलगी आईसोबत बसली होती. मोबाइलवर ती आमच्याच कॉलेजचं संकेतस्थळ खाली-वर सरकवत होती.

"सापडलं का गं?" आईने विचारलं.

"अध्यक्षसाहेब सापडले. प्रत्येक पानावर."

"वसतिगृहाचं बघ. त्याशिवाय बाबा सोडायचे नाहीत तुला."

"उद्घाटनाचे फोटो आहेत. मुलींना जागा आहे की नाही, ते कुठेच नाही."

"फीत कापली म्हणजे आत कोणीतरी राहत असेल ना?"

मी तिथेच शिकतो, तरी वसतिगृहात कोणी राहतं का, हे मलाही माहीत नव्हतं. हे संकेतस्थळ तपासणी समिती येणार म्हणून घाईने सजवलं होतं, एवढंच मला ठाऊक. समिती कधीच येऊन गेली. सरकत्या अक्षरांत तिचं स्वागत अजून चालूच आहे. परवापासून मला स्वस्थ बसवत नाही. आपण दार सजवतो ते तपासायला येणाऱ्यांसाठी. ज्यांना खरोखर आत यायचंय, त्यांना कडीसुद्धा सापडत नाही.

मुलीने संकेतस्थळावरचा नंबर लावला. तो नुसता वाजत राहिला. तेवढ्यात त्यांच्या गावाची गाडी लागली.

"चल, नंतर बघू," आई म्हणाली.

असल्या 'नंतर'मध्ये किती मुली घरी बसल्या असतील?

आज आपल्या कॉलेजचं संकेतस्थळ त्या मुलीच्या नजरेने उघडा आणि वसतिगृहात जागा आहे का, ते शोधा. सापडलं नाही, तर उद्या प्राचार्यांच्या दारात उभे राहा. ती माहिती संकेतस्थळावर येईपर्यंत हलू नका.