शोभाने मंदावर कुरघोडी केली

"मौसी, मम्मी नहीं रहीं," रश्मी फोनवर म्हणाली आणि मी तिला विचारलं, "कोणाची मम्मी?" पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. आदल्याच संध्याकाळी रश्मीची आई मंदा आणि मी तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरलो होतो. तीच पुढे चालत होती, मी धापा टाकत मागे. सकाळी चहाचं आधण ठेवून ती खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय... मला अजून खरं वाटत नाही.

आम्ही दोघी विदर्भातून लग्न होऊन रायपूरला आलेल्या, एकाच खाजगी शाळेत शिक्षिका. शिकवण्यात ती माझ्यापेक्षा सरस होती. हे मला माहीत होतं आणि तेच सलायचं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, मिळेल त्या इमारतीत कार्यालयं भरू लागली. दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, तीत माझ्या यजमानांना जुन्या राज्याचं भोपाळ मिळालं. बायको इथे सरकारी नोकरीत असती तर त्यांना बदली मागता आली असती. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांच्या नव्या कार्यालयातल्या एका जागेचं परिपत्रक शाळेत आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते फलकावर लावायला माझ्याकडे दिलं. मी ते पर्समध्ये घातलं आणि एकटीनेच अर्ज भरला. निवड झाल्यावर मंदाला म्हटलं, "मलेही शेवटच्या दिवशीच समजलं वं."

"हव," ती म्हणाली, "चांगलं झालं. भाऊजी येतील आता." आणि ते आले.

निवृत्तीनंतर मंदा रविवारी घरी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. मुलांना मराठी समजायची, पण मुलं बोलायची हिंदीत. एका रविवारी मी सहज जाऊन बसले होते, तेव्हा एका पोट्टीने विचारलं, "आंटी, कुरघोडी करना मतलब?"

"आम्ही लहानपणी खेळायचो," मंदा म्हणाली. "हरलेली घोडी व्हायची, जिंकलेली तिच्या पाठीवर बसायची. आता कोणी डाव टाकून दुसऱ्याच्या वरचढ झालं, की म्हणायचं कुरघोडी केली. आणि ध्यानात ठेवा, कुरघोडी कोणाला करत नाहीत, कोणावर करतात." मग तिने खडू घेऊन लिहिलं, 'शोभाने मंदावर कुरघोडी केली.' मुलं माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, पण डोळे त्या वाक्यावरच होते. मुलं गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "मंदा, ते वाक्य..."

"काहून घाबरून राहिली? वाक्याले दोन नावं तर लागतात," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी बशीतली बिस्किटं खात बसले.

तेराव्यानंतर रश्मी कपाट आवरत होती. तिने एक कागद माझ्यापुढे धरला. त्याच जागेचा अर्ज, मंदाच्या अक्षरात पूर्ण भरलेला, फोटो चिकटवलेला, खाली सही. तारीख परिपत्रक माझ्या हाती आलं त्याच्या दोन दिवस आधीची.

"किसी ने मम्मी को पहले ही बता दिया था," रश्मी म्हणाली. "जमा करने निकली थीं, फिर रुक गईं. बोलीं, मौसाजी भोपाल में अटके हैं, शोभा को भरने दो."

मी तारीख पुन्हा वाचली. "मग परिपत्रक... ते फलकावर लागलं नाही, हे तिला..."

"रोज़ बोर्ड देखती थीं, मौसी. कहती थीं, शोभा आज लगाएगी." रश्मीने कपाटाचा खण लोटला. "फिर देखना छोड़ दिया."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "रद्दी में डाल दूँ?" मी नाही म्हणून मान हलवली आणि कागद घेतला. त्याच्या कोऱ्या बाजूवर मंदाने पेन्सिलीने रविवारच्या वर्गाचे शब्द उतरवले होते, अर्थासह, ओळीने. आता तो माझ्या टेबलावर असतो. शब्दांची बाजू मी वर ठेवते. दुसऱ्या बाजूला तिचा फोटो आहे.