सासूबाई बसल्या की लागणारा दिवा

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. "ज्याला पाटी वाचून यावं लागतं, त्याची गाडी बिघडलेलीच बरी," असं मालकाचं म्हणणं. सगळे त्यांना मीटरकाका म्हणतात, कारण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी वीज तपासायचं छोटं मीटर असतं. दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत: वायरचे तुकडे आणि मीटरकाकांची तुच्छता. जोरात हॉर्न वाजवत येणाऱ्यांबद्दल तुच्छता, गाडी धुऊन आणणाऱ्यांबद्दल तुच्छता, आणि सगळ्यात जास्त, चौकातल्या काचेच्या गॅरेजबद्दल. तिथल्या मेकॅनिकांना ते 'भाग बदलणारे' म्हणतात. त्यांच्या तोंडी ही शिवी आहे.

त्या गॅरेजमधून हात टेकून व्हॅनवाली ताई त्यांच्याकडे आली. ती शाळेच्या मुलांना नेते-आणते. व्हॅनच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. दोनच दिवसांनी सकाळी धुराची तपासणी होती. दिवा पेटलेला दिसला तर तपासणीवाले गाडी आत घेत नाहीत. आणि तपासणीचा कागद मिळाला नाही, तर सोमवारपासून मुलं दुसऱ्या व्हॅनने जातील, असं शाळेने तिला कळवलं होतं.

"काय बदललं त्यांनी?" मीटरकाकांनी विचारलं.

"चारही ऑक्सिजन सेन्सर. दोनदा."

"चौघं एकाच दिवशी मेले? साथ आली होती का?"

ताईने दोन्ही वेळची बिलं पुढे केली.

"फ्यूज?"

"तो दर वेळी उडालेला असतो. नवा टाकला की काही दिवस चालतं."

"फ्यूज बिचारा बोंबलून सांगतोय, आणि ते शहाणे सेन्सर बदलतायत!"

एरवी मीटरकाका कुणाला समजावून सांगत नाहीत, पण दुसऱ्याचा मूर्खपणा दाखवायचा असला की फार छान समजावतात. धूर जाण्याच्या नळीत हे सेन्सर बसवलेले असतात. धुरात किती ऑक्सिजन उरला, ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतात. थंड सेन्सर खरं बोलत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक बारीक हीटर असतो, आणि चारही हीटरांना वीज एकाच फ्यूजमधून जाते. ती वायर वाटेत कुठे गाडीच्या पत्र्याला टेकली, की फ्यूज उडतो आणि चौघं एकदम गार. "हे कळायला डोकं लागत नाही," ते म्हणाले, "पण त्यांच्याकडे तेवढंही नाही."

ताई घुटमळली. "काका, एक सांगू? हसू नका हं. माझ्या सासूबाई मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या, की दिवा लागतो."

मीटरकाका हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "ताई, गाडीला नातीगोती कळत नाहीत. घरची भांडणं घरी ठेवा. किल्ली द्या."

मग ते कामाला लागले. चारही सेन्सरांच्या जोडण्या सोडवल्या. फ्यूज काढून त्याच्या जागी लांब वायरीवर एक बल्ब लावला आणि तो आरशाला टांगला. आता विजेला जायला वाटच नव्हती. बल्ब पेटलाच, तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली असं समजायचं. ते गाडीखाली शिरले, हाताला लागेल ती वायर हलवली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकली, इंजिन तापवून पुन्हा हलवली. मधूनच खालून आवाज यायचा, "हा टेप लावलाय की पोस्टाचं तिकीट?" बल्ब मात्र ढिम्म. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी ढिम्म. तेव्हा त्यांच्या तुच्छतेत इतकी धार आली, की समोरचा शिंपी खिडकी लावून बसला.

त्या दुपारी ताई आली ती सासूबाईंना घेऊन. त्यांच्या गुडघ्यावर चार महिने उपचार चालू होते आणि व्हॅन नसल्यामुळे त्या दवाखान्यातून चालत आल्या होत्या. दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बॅटऱ्या रचलेल्या. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, काठी आत टाकली आणि धाप टाकत व्हॅनमधल्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

आरशाला टांगलेला बल्ब लख्ख पेटला.

मीटरकाका गाडीखालून निम्मे बाहेर आले. "मावशी, उठा."

"अरे, आत्ता तर बसले!"

"उठा म्हणतो ना."

त्या उठल्या. बल्ब विझला.

"बसा."

पेटला.

"उठा."

"या वयात उठाबशा काढायला लावतोस? काय चोरलं मी तुझं?"

मीटरकाकांनी त्यांना हात धरून खाली उतरवलं, बॅटऱ्या जमिनीवर ठेवून खुर्ची दिली आणि सीटचे बोल्ट सोडवले. सीटच्या लोखंडी पायाखाली मागच्या सेन्सरांकडे जाणारा वायरींचा जुडगा चेंगरला होता. एका वायरची साल घासून घासून गेली होती आणि आतलं तांबं चकाकत होतं. मुलं हलकी, त्यांच्या वजनाने सीट दबत नव्हती. सासूबाईंच्या वजनाने दबत होती.

"कोणत्या गाढवाने बसवली ही सीट?" मीटरकाका गरजले. "वायर आधी बाजूला घ्यायची असते, एवढी अक्कल नाही! असल्या माणसाला पानासुद्धा हातात देऊ नये. भाग बदलणारे बरे, त्यांनी निदान गाडी मोडली तरी नाही!"

"काका," ताई हळूच म्हणाली, "मुलांसाठी आत मागे दिवा बसवला होतात ना दोन वर्षांपूर्वी? तेव्हा वायर न्यायला सीट तुम्हीच काढली होतीत."

मीटरकाकांनी जुडगा उजेडात धरला. टेपच्या टोकावर दोऱ्याची दुहेरी गाठ होती. टेपवर दोरा बांधणारा माणूस आमच्या गल्लीत एकच आहे.

मीटरकाकांनी ती गाठ अंगठ्याने चाचपली.

"म्हणजे तेव्हा मी गाढव होतो," ते म्हणाले.

"तेव्हा?" सासूबाई म्हणाल्या.

मीटरकाकांनी पक्कड उचलली. खराब तुकडा कापून वायर नव्याने जोडली, जुडगा सीटपासून वीतभर लांबून नेला, फ्यूज टाकला. गाठही मारली, दुहेरीच. मग किल्ली देताना ताईकडे न बघता म्हणाले, "उद्या तपासणीला मावशींना घेऊन जा. त्याच जागी बसवा."

माफी म्हणून एवढंच. त्यांना ओळखणाऱ्यांना ते पुष्कळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्याने व्हॅनमध्ये डोकावून सांगितलं, "आजींना उतरवा, आत फक्त गाडी लागते."

"मी गाडीचाच भाग आहे," सासूबाई म्हणाल्या आणि काठी मांडीवर आडवी घेतली. "आणि हा भाग बदलायचा नाही, असं मीटरवाल्याने सांगितलंय."

त्यांना तसंच बसवून धूर तपासला. दिवा लागला नाही. सोमवारी सकाळी व्हॅन भरून मुलं गल्लीतून गेली, तेव्हा मीटरकाका दुकानाचं शटर वर करत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं, मुलांकडे नाही, डॅशबोर्डकडे.